‘मला मान्य आहे’वर टिचकी मारली म्हणजे आपण नक्की काय मान्य केलं?

उंबरठा (धागाकर्ता)

मंडळी, एक सरळ प्रश्न आहे पण आधी थोडी रड ऐकून घ्या. फोटो एडिट करायच्या एका ॲपची सात दिवसांची फुकट ट्रायल घेतली, चार फोटो नीट केले आणि विसरून गेलो. आठव्या दिवशी कार्डावरून सबंध वर्षाचे पैसे गेले. विसरलो ही चूक माझी, कबूल, पण कस्टमर केअरला लिहिलं तर एका ओळीचं उत्तर, ‘आपण आमच्या अटी मान्य केलेल्या आहेत’. मला तर काहीच मान्य केल्याचं आठवेना.

मग बायकोच्या फोनवर नवीन खातं उघडून तोच स्क्रीन परत काढला आणि यावेळी डोळे फाडून बघितला. मध्ये भलंमोठं हिरवं बटण, ‘सुरू करा’. त्याच्या खाली, ईमेल टाकायला कीबोर्ड वर आला की हमखास झाकली जाईल अशा जागी, पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांत एक ओळ: ‘पुढे गेल्यास आपण आमच्या अटींना संमती देता’. त्यातल्या ‘अटी’ या शब्दाला ना अंडरलाइन ना वेगळा रंग, तो दाबता येतो हेसुद्धा मला चुकून बोट लागलं म्हणून कळलं. उघडल्या तर अंगठा दुखेपर्यंत सरकवतोय तरी संपेनात. आणि तळाशी कुठेतरी हे की वाद झालाच तर तो कंपनीच्या देशात, लवादापुढे (म्हणजे कोर्टाबाहेरच्या पंचापुढे), एकेकट्याने लढायचा.

तर प्रश्न असा की याला कायद्याने करार म्हणतात का?

थोडं वाचलं तेव्हा दोन उलटसुलट निकाल सापडले. १९९६ साली अमेरिकेत प्रोसीडी नावाच्या कंपनीची केस झाली, फोन डिरेक्टरीची सीडी, अटी खोक्याच्या आत, म्हणजे पैसे आधी आणि अटी नंतर, तरी कोर्ट म्हणालं की गिऱ्हाइकाला पटलं नसतं तर माल परत करायची सोय होती, त्याने वापरला म्हणजे मान्य केलं. आणि २००२ साली नेटस्केप या ब्राउजर कंपनीच्या केसमध्ये बरोब्बर उलटं. तिथे ‘डाउनलोड’चं बटण वर आणि अटींची लिंक त्याच्या खाली, स्क्रीनच्या बाहेर, सरकवल्याशिवाय दिसायचीच नाही. कोर्टाने सांगितलं की समोर फुकट सॉफ्टवेअरचं बटण असताना शहाणा माणूससुद्धा खाली काय दडलंय ते शोधत बसणार नाही, सबब करार नाही. (निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर, ज्या पुढे तिथल्या सुप्रीम कोर्टात गेल्या.)

माझा स्क्रीन यातल्या कुठल्या बाजूला पडतो? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रातकिडा

रुमाल टाकून ठेवतो, रात्री निवांत वाचेन.

तोवर एक मासला. २०१० साली एक एप्रिलला गेमस्टेशन नावाच्या ब्रिटिश गेम विकणाऱ्या कंपनीने आपल्या अटींत गुपचूप एक कलम घातलं की ऑर्डर देणारा आपला अमर आत्मा कंपनीच्या नावे करून देतोय. नको असेल तर टिचकी मारा अशी सोयही ठेवली होती. हजारो लोक आत्मा देऊन मोकळे झाले. उंबरठाभाऊ, तुमचे नुसते पैसेच गेलेत, देवाचे आभार माना. ह.घ्या. (हलके घ्या).

कोर्टाची_पायरी

चांगला विषय काढलात. मी वकील आहे पण तुमची वकील नाही, तेव्हा हा सल्ला न समजता गप्पा समजा.

सगळ्यात आधी एक गैरसमज. ‘मी वाचलंच नव्हतं’ हा बचाव बहुतेक ठिकाणी चालत नाही. कागदावर सही केलीत तर वाचलं असो नसो बांधले जाता, तसंच हे. कोर्ट विचारतं ते वेगळंच, अटी आहेत हे तुमच्या नजरेत येईल अशा रीतीने मांडलं होतं का, आणि तुम्ही जी कृती केलीत तिचा अर्थ ‘हो’ असा होतो हे तुम्हाला कळण्यासारखं होतं का. म्हणून अशा केसेसमध्ये वकिलांचा निम्मा वेळ स्क्रीनशॉटवर जातो. अक्षराचा आकार, रंग, बटणापासूनचं अंतर. मजा नाही करत, निकालपत्रात स्क्रीनची चित्रं छापलेली असतात.

उबरचंच बघा. २०१७ साली एका ग्राहकाच्या केसमध्ये न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने स्क्रीन तपासला, फारशी गर्दी नाही, बटणाच्या लगेच खाली ओळ, लिंक निळी आणि अंडरलाइन केलेली, म्हणून अटी लागू. पुढच्याच वर्षी बोस्टनच्या अपील कोर्टात तीच कंपनी हरली, कारण त्या वेळच्या स्क्रीनवर लिंक करड्या चौकटीत पांढऱ्या अक्षरांत होती आणि ती लिंक आहे असं वाटतच नव्हतं. कंपनी तीच, मुद्दा तोच, फरक फक्त रंगाचा आणि रेघेचा. तुम्ही वर्णन करताय तो स्क्रीन मला तरी बोस्टनच्या बाजूला झुकलेला दिसतो.

मात्र जिथे वेगळा चौकोन असतो आणि त्यात स्वतः टिकमार्क करावा लागतो (क्लिकरॅप म्हणतात त्याला) तिथे सुटका अवघड. नुसती पानाच्या तळाशी लिंक (ब्राउजरॅप) सगळ्यात कच्ची. तुमचं मधलं प्रकरण आहे, तिथेच भांडणं जास्त. आणि आधीपासून टिक करून ठेवलेला चौकोन म्हणाल तर युरोपियन कोर्टाने २०१९ च्या प्लॅनेट ४९ केसमध्ये कुकीजच्या बाबतीत सांगून टाकलं की ती संमतीच नव्हे, गप्प बसणं म्हणजे हो नाही.

सरळसोट

सगळे कंपनीच्या नावाने बोटं मोडताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी स्वतः ऑनलाइन डिझाइन टेम्पलेट विकतो, एकटा माणूस, मागे ना लीगल टीम ना काही. लोक फाइल डाउनलोड करतात, वापरतात आणि मग कार्ड कंपनीला सांगतात ‘मी हे घेतलंच नव्हतं’, पैसे परत जातात आणि वर दंड मला. अटी नसत्या तर आम्ही कशाच्या आधारावर उभं राहायचं सांगा. फुकट ट्रायल घेताना कार्ड नंबर कशाला मागताहेत हा विचार माणसाच्या डोक्यात यायला नको का? नंबर तर स्वतःच्या बोटांनी टाकलात ना?

आणि ग्राहक काय धुतल्या तांदळासारखे असतात असं नाही. सिंगापूरची प्रिंटरवाली केस कोणाला माहितीये का? २००३ साली डिजिलँडमॉल या साइटवर ट्रेनिंग चालू असताना चुकून खोटा आकडा खऱ्या साइटवर चढला आणि ३,८५४ सिंगापूर डॉलरचा लेझर प्रिंटर ६६ डॉलरला दिसायला लागला. मध्यरात्रीनंतर एकाने बघितलं, मित्रांना चॅटवर कळवलं, आणि सहा जणांनी मिळून १,६०६ प्रिंटर ऑर्डर केले. घरी वापरायला हो, दुसरं काय! त्यांच्यात वकिलीचं शिक्षण झालेले पण होते. सकाळी कंपनीने माल द्यायला नकार दिला तर हे कोर्टात, कारण काय तर ऑर्डर कन्फर्मची ऑटोमॅटिक ईमेल आलेली होती. हरले. कोर्ट म्हणालं की किंमत चुकलीय हे तुम्हाला माहीत होतं, समोरच्याची चूक ओळखून टपकन उचलायची हा करार होत नाही. अपिलातही तेच.

कोर्टाची_पायरी

@सरळसोट, ती केस मी नेहमी सांगते, छान आठवण केलीत. पण तिची दुसरी बाजू कोडॅकची. २००२ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये त्यांच्या साइटवर ३२९ पौंडाचा कॅमेरा संच १०० पौंडाला लागला. कंपनी आधी नाही म्हणाली, ग्राहकांनी ऑर्डर स्वीकारल्याच्या ईमेल पुढे केल्या, आणि शेवटी कोडॅकने त्या किमतीत माल दिला. फरक लक्षात येतोय का? १०० पौंडात सेलचा कॅमेरा मिळू शकतो असं कोणालाही प्रामाणिकपणे वाटू शकतं. ६६ डॉलरचा तो प्रिंटर, ते पण शेकड्यांनी, नाही वाटू शकत.

तेव्हापासून साइटवाले शहाणे झाले. आता ईमेल नीट वाचून बघा, ‘ऑर्डर मिळाली’ असं लिहितात, ‘ऑर्डर स्वीकारली’ असं नाही, आणि अटींत लिहून ठेवतात की माल रवाना होईल तेव्हाच करार होईल. म्हणजे ‘खरेदी करा’ बटण दाबून तुम्ही फक्त प्रस्ताव देताय, हो म्हणायचा हक्क त्यांच्याकडे. तुम्ही वाचलं नसलं तरी त्यांच्या वकिलाने प्रत्येक शब्द तोलून टाकलेला असतो.

तुमच्या कार्ड नंबरच्या मुद्द्यावर मात्र असहमत. युरोपियन युनियनमध्ये ग्राहक हक्कांचा २०११ चा निर्देश आहे त्यात पैसे द्यायच्या बटणावरच तसं स्पष्ट लिहावं लागतं, ‘पैसे देण्याच्या बंधनासह ऑर्डर’ किंवा त्याच अर्थाचं. नाहीतर ग्राहक बांधलाच जात नाही. नुसतं ‘सुरू करा’ म्हटलं तर तिथे कंपनीला भारी पडेल. आणि फुकट ट्रायलबद्दल तर २०२३ चा युरोपियन कोर्टाचा निकालच आहे, सोफाट्यूटर म्हणून ऑनलाइन शिकवणीची कंपनी होती. कोर्ट म्हणालं करार रद्द करायचा १४ दिवसांचा हक्क ट्रायलच्या सुरुवातीला एकदाच मिळतो, पण पुढे पैसे लागणार हे ग्राहकाला सुरुवातीलाच स्वच्छ सांगितलं नसेल तर फुकटचे दिवस संपल्यावर तो हक्क पुन्हा मिळतो. उंबरठा, तुमची कंपनी युरोपातल्या ग्राहकांना विकत असेल तर त्या देशांतल्या लोकांना ती काय दाखवते ते जरूर बघा. बऱ्याचदा तेच ॲप तिकडे बटणावर वेगळा मजकूर दाखवतं.

शाईचा_डाग

बटण तरी बरं म्हणायचं. कॅनडात अंगठ्याच्या इमोजीने करार झालाय. २०२१ मध्ये धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीच्या माणसाने जवसाच्या कराराचा फोटो मोबाइलवर पाठवला, खाली लिहिलं ‘कन्फर्म करा’, शेतकऱ्याने नुसता अंगठा पाठवला. नोव्हेंबरपर्यंत भाव चढले, माल काही आला नाही. शेतकरी म्हणाला अंगठा म्हणजे ‘मेसेज मिळाला’ एवढंच. पण आधीच्या व्यवहारांत त्याने ‘ओके’, ‘यप’ असं लिहून माल दिलेला होता, म्हणून सस्कॅचेवानच्या कोर्टाने २०२३ मध्ये अंगठाही सहीच धरला आणि सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलरची भरपाई लावली. अंगठा उठवणे हा शब्द आपल्याकडे निरक्षरांसाठी होता, आता शिकले-सवरलेले दिवसातून पन्नासदा उठवतात.

बाय द वे याचं मूळ बरंच जुनं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अनसिट्रल या संस्थेने १९९६ सालीच ई-कॉमर्सचा नमुना कायदा करून दिला, त्याचं सार एवढंच की केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून एखाद्या करारनाम्याला नाही म्हणू नका. पुष्कळ देशांनी तो थोडाफार बदलून उचलला. नवा कायदा वगैरे काही नाही, जुन्याच कायद्याला नवीन दार पाडून दिलं.

रातकिडा

वाचून झालं. लैच भारी धागा, वाखूसा (वाचनखूण साठवली).

चॅटबॉट राहिला की. एअर कॅनडाच्या साइटवरच्या बॉटने एकाला सांगितलं की घरात मृत्यू झाल्यावरची सवलत प्रवासानंतरही मागता येईल, प्रत्यक्षात कंपनीचा नियम उलटा. त्याने पैसे मागितले तेव्हा कंपनीने न्यायाधिकरणापुढे काय मांडावं, तर बॉट हा स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे!! २०२४ मध्ये निकाल लागला, साइटवर जे काही आहे त्याची जबाबदारी कंपनीचीच, मग ते साधं पान बोलो नाहीतर बॉट. म्हणजे यांचं बटण आपल्याला बांधणार आणि यांचा बॉट यांना नाही, असं कसं चालेल.

पानगळ

मूळ लेखातल्या ‘वाद आमच्या देशात’ या कलमावर कोणीच बोललं नाही, मला तर खरी मेख तिथेच वाटते. करार वैध की अवैध हे ठरवणार कोण आणि कुठे बसून?

२००० साली पॅरिसच्या कोर्टाने याहूला सांगितलं की तुमच्या लिलावाच्या पानांवरच्या नाझी वस्तू फ्रान्समधल्या लोकांना दिसता कामा नयेत. याहूचं म्हणणं, सर्व्हर अमेरिकेत, तिथे हे कायदेशीर. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने डाऊ जोन्स या अमेरिकन प्रकाशन कंपनीच्या केसमध्ये ठरवलं की लेखाने होणारी बदनामी तो जिथे वाचला जातो तिथे होते, सर्व्हर न्यू जर्सीत का असेना. मग प्रश्न आला की साइट तर जगभर दिसते, म्हणजे जगातल्या प्रत्येक कोर्टात उभं राहायचं का? त्यावर युरोपियन कोर्टाने २०१० मध्ये एक बरा तोडगा दिला, नुसती साइट दिसते एवढ्याने भागणार नाही, पण विकणारा त्या देशाकडे तोंड करून उभा आहे का ते बघा. दुसऱ्या देशाची भाषा, चलन, फोन नंबरापुढे आंतरराष्ट्रीय कोड, दुसऱ्या देशातून यायचा रस्ता दाखवलाय का, अशा खुणा. तसं असेल तर ग्राहकाला आपल्या घरच्या कोर्टात जाता येतं, अटींत काहीही लिहिलेलं असो.

पुन्हा स्क्रीनच आला बघा, या खेपेला त्यावरचं चलन.

सरळसोट

लवादाच्या कलमाबाबत मात्र मी पण ग्राहकाच्या बाजूने. डिस्नेने २०२४ मध्ये कहर केला होता. त्यांच्या पार्कच्या आवारातल्या हॉटेलात जेवून ॲलर्जीने एक बाई वारल्या, नवऱ्याने दावा लावला, तर कंपनीचे वकील म्हणाले की यांनी २०१९ मध्ये आमच्या व्हिडिओ सेवेची ट्रायल घेताना लवाद मान्य केला होता. लोक इतके खवळले की कंपनीने तो मुद्दा मागे घेतला. म्हणजे कोर्टाने काही ठरवलंच नाही, आरडाओरड्याने ठरलं.

घुबडझोप

माझा अनुभव जरा वेगळ्या बाजूचा आहे. मोठ्या मार्केटप्लेसवरून चार्जर घेतला, तिसऱ्या दिवशी धूर, टेबलाला काळा डाग अजून आहे. साइट म्हणते विकणारा वेगळा, आम्ही फक्त जागा देतो. विकणाऱ्याचं पान उघडलं तर गायब. पैसे मी साइटला दिले, खोक्यावर छाप साइटचा, माणूस आला साइटचा, आणि जबाबदार कोण तर जो अस्तित्वातच नाही तो. याला काही कायदा आहे का नाही?

कोर्टाची_पायरी

@घुबडझोप, आहे आणि हळूहळू तुमच्या बाजूला सरकतोय. सुरुवातीचे कायदे मधल्या माणसाला वाचवणारे होते, अमेरिकेत १९९६ चं कलम २३०, युरोपात २००० चा ई-कॉमर्स निर्देश. कल्पना अशी की टपालवाल्याला पत्रातल्या मजकुरासाठी धरू नका. २०१० मध्ये नकली दागिन्यांवरून टिफनी कंपनी ईबेविरुद्ध हरली ती त्याच विचाराने, ठराविक यादी दाखवून सांगा मग काढू, नुसतं ‘इथे नकली माल असतो’ हे मोघम माहीत असणं पुरेसं नाही. पण पुढच्याच वर्षी लॉरिआल या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने ईबेवरच केलेल्या केसमध्ये युरोपियन कोर्ट म्हणालं की साइट स्वतः मालाची मांडणी सुधारून देत असेल, जाहिरात करत असेल, तर ती नुसती टपालवाली राहत नाही. आणि २०२० मध्ये कॅलिफोर्नियात लॅपटॉपची बॅटरी फुटून भाजलेल्या बाईंच्या केसमध्ये अपील कोर्टाने ॲमेझॉनला दुकानदारासारखंच जबाबदार धरता येईल असं सांगितलं. विकणारा तिथेही सापडत नव्हता. आता युरोपच्या डिजिटल सर्व्हिसेस कायद्यात (२०२२) मार्केटप्लेसने विकणाऱ्याचं नाव, पत्ता, ओळख आधी तपासून मगच त्याला दुकान मांडू द्यायचं आहे.

टेबलाचा फोटो, खोक्याचा फोटो, विकणाऱ्याच्या पानाचा स्क्रीनशॉट, जे असेल ते जपून ठेवा.

शाईचा_डाग

अवांतर: कायदाच नसला तर काय होतं त्याचा नमुना फिलिपिन्स. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ व्हायरस जगभर पसरला, संशयित तिथेच सापडला, पण तो गुन्हा ठरवणारा कायदाच देशात नव्हता म्हणून सोडून द्यावा लागला. जूनमध्ये घाईघाईने कायदा आला, आणि नाव काय तर ई-कॉमर्स ॲक्ट, हॅकिंगची शिक्षा त्यातच घातलेली. तोवर पक्षी उडालेला, मागचा गुन्हा नव्या कायद्याखाली येत नाही.

पानगळ

अवांतराला माझंही एक: ई-बुकवरचं ‘विकत घ्या’. २००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांच्या किंडलमधून विकलेली पुस्तकं परत काढून घेतली होती, प्रकाशकाकडे हक्क नव्हते म्हणून, पैसे परत केले आणि नंतर माफीही मागितली. कॅलिफोर्नियाने २०२५ पासून नियम केलाय, खरं तर परवानाच देताय तर ते ग्राहकाला स्पष्ट सांगा, नुसतं ‘विकत घ्या’ लिहू नका.

उंबरठा (धागाकर्ता)

धागा वर काढतोय, अपडेट आहे.

वकीलताईंचे प्रतिसाद वाचून मी कंपनीला साधी दोन ओळींची ईमेल टाकली, मी संमती दिली त्याची तुमच्याकडची नोंद आणि मी संमती दिलेल्या अटींची प्रत पाठवा. सहा दिवस शांतता. काल एक पीडीएफ आली. वर माझा ईमेल, तारीख, वेळ सेकंदासकट, खाली सगळ्या अटी. मी तारखा जुळवत बसलो. माझं साइन-अप महिन्याच्या तीन तारखेला. आणि अटींच्या पहिल्या पानावर बारीक अक्षरांत ‘शेवटचा बदल’ म्हणून त्याच महिन्याची एकोणीस तारीख!!

म्हणजे मी तीन तारखेला जे मान्य केलं ते हे नव्हेच. आता?

कोर्टाची_पायरी

अरे वा, हे तर त्यांनीच हातात दिलं तुमच्या. २००७ मध्ये अमेरिकेत टॉक अमेरिका या फोन कंपनीच्या केसमध्ये हेच झालं होतं, कंपनीने साइटवर अटी बदलून टाकल्या, ग्राहकाला कळवलं नाही. अपील कोर्टाने सांगितलं की अटी बदलल्या का हे रोज जाऊन बघायचं बंधन ग्राहकावर नाही. बदल कळवायला हवा, तरच तो लागू.

इंटरनेट आर्काइव्हवर त्या पानाची जुनी प्रत मिळतेय का बघा, तीन तारखेच्या आधीची. आणि दोन्ही शेजारी ठेवून आपोआप नूतनीकरणाचं कलम जुन्यात होतं का ते तपासा. जुन्यातही असलं तर मुद्दा परत स्क्रीनवर जाईल, नसलं तर तुम्हाला फार बोलावं लागणार नाही. कार्ड कंपनीकडे तक्रार करायची मुदत असते ती मात्र हातची घालवू नका, ती आजच करा, बाकी वाद नंतर.

उंबरठा (धागाकर्ता)

सापडली! मागच्या वर्षीची प्रत आहे. नूतनीकरणाचं कलम आहे त्यात, पण ‘ट्रायल संपण्याआधी आम्ही ईमेलने आठवण करू’ असंही एक वाक्य आहे, जे नव्यात नाही. मला आठवणीची ईमेल आलेली नाही, स्पॅमसकट सगळं चाळलं. दोन्ही पानं जोडून कार्ड कंपनीला आणि त्यांना पाठवलंय.

सरळसोट

हे वाक्य काढलं असेल तर मुद्दाम काढलंय. मी विकणारा असून सांगतो, पैसे परत मागा.

(आत्ताच स्वतःच्या अटी उघडून बघितल्या. तारीखच टाकलेली नाही. टाकतो.)